मंगळवार-गुरुवारचं पोहणं

४ मार्च, मंगळवार

नाही लागला नंबर.

शाळेच्या फाटकाशी एवढी गर्दी की आतला फळा दिसेना. मुंगी बाहेर आली, सरळ माझ्याकडे बघत. "नाही, बाबा." एवढंच! गाडीत बसली, पट्टा लावला. मागून तिच्या मैत्रिणी, बडबडी आणि चष्मिष, धावत आल्या. दोघींचाही नंबर लागलाय. मुंगीला बघून दोघींनी आपला आनंद गिळला. पोरी गुणाच्या आहेत, आपल्याच वाटतात. वर्षभर मीच तर तिघींना शाळेतून घरी आणतो. बेकरीचं काम पहाटे सुरू होतं, दुपारी मी मोकळा — म्हणून ती पाळी माझी. सकाळची दुसऱ्यांची.

अजब शाळा. दरवर्षी परीक्षा घेतात आणि निवडक मुलींची तुकडी खरोखरच वरच्या मजल्यावर बसवतात. नवी प्रयोगशाळा वर, चांगल्या बाई वर. बाकीच्यांनी खाली बसून जिन्यावरचे पाय बघायचे. "तुमची वर जाणार का?" — वर्षभर फाटकाशी हाच प्रश्न. माझी आजी असती तर म्हणाली असती, वर जायची एवढी घाई कशाला मेल्यांनो!

पण मुंगीला घाई होती. तिथल्या सूक्ष्मदर्शकासाठी. माझ्या बेकरीतलं यीस्ट तिला त्याखाली धरायचं होतं. भिंगातून बघून बघून डोळे फोडून घेतले पोरीने.

वाईट वाटतंय. खूप. पण एक समाधान आहे — सरळ हरली. तिघींना सारखंच मैदान. वर्षाच्या सुरुवातीला माझ्या बेकरीच्या मागच्या खोलीत, पीठ मळायच्या टेबलाभोवती बसून आम्ही तीन घरांनी ठरवलं होतं : कोणी आपल्या पोरीला क्लास लावायचा नाही. बडबडीची आई वकील. त्या म्हणाल्या, "भाऊ, शब्द म्हणजे शब्द." चष्मिषचे वडील दातांचे डॉक्टर. ते तर गहिवरलेच. "ही शर्यत आपण नाही थांबवली तर कोण थांबवणार?" मग सगळ्यांनी गरम पाव खाल्ले. मुंगी कोपऱ्यात बिस्किटांचे डबे भरत होती. किती बरं वाटलं होतं त्या दिवशी! पाववाल्याला कोण विचारतो एरवी?

५ मार्च, बुधवार

मुंगी नीट जेवली नाही. हिला म्हटलं, तू आई आहेस, बोल तिच्याशी. ही नुकतीच हॉस्पिटलातून आली होती, नर्सचा गणवेशही उतरवला नव्हता. "आता बोलून काय उपयोग!" म्हणाली आणि भांडी जरा जास्तच आपटली. माझ्याकडे बघितलं नाही.

थकली असेल.

६ मार्च, गुरुवार

लिहिलं नाही तर कोणाच्या तरी डोक्यात पाट घालीन.

मंगळवारी आणि गुरुवारी बडबडी आणि चष्मिष पोहायला जातात. म्हणजे — जातात असं मी समजत होतो. परत येताना त्या दोघींना तलावाच्या फाटकाशी सोडायचं, मुंगीला घेऊन घरी यायचं. मुंगीच्या कानाचं ऑपरेशन झालंय, कानात पाणी गेलेलं चालत नाही. नाहीतर तिलाही घातलं असतं.

आज चष्मिषची पोहण्याची पिशवी गाडीतच राहिली. मुंगी म्हणाली, "राहू दे बाबा, उद्या देऊ." अगं, पोरगी काय घालून पोहणार! गाडी वळवली, पिशवी घेऊन धावत आत गेलो.

तलावात पाणीच नव्हतं! तळाच्या फरशा उखडलेल्या. खोल कोपऱ्यात सिमेंटची पोती आणि वाळलेला पाला. रखवालदार खुर्ची टाकून बसला होता. म्हणाला, "बंद आहे की साहेब, थंडीच्या आधीपासून." मी विचारलं, आत्ता दोन मुली आल्या त्या कुठे गेल्या? "त्या होय? त्या रोजच्याच. मागच्या दाराने जातात. मागे क्लास आहे ना!"

मागच्या दाराने गेलो. समोरच इमारत. खिडकीत चष्मिष. पुढ्यात गणिताचं पुस्तक, हातात माझा पाव.

हो, माझाच! पोहून आलं की भूक लागते म्हणून दर मंगळवारी-गुरुवारी मी त्यांना गोड पावांची पुडी देतो. वर्षभर. माझ्याच गाडीने, माझेच पाव खात पोरी क्लासला गेल्या आणि सारथी कोण, तर मी!

आणि पोहणंच का निवडलं त्यांनी? कारण माझी पोर पाण्यात जाऊ शकत नाही! "आम्हालाही यायचंय" असं आम्ही कधीच म्हणणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. कानाचं मीच सांगितलं होतं. त्याच टेबलावर. केसाने गळा कापला माझा.

गाडीत परत आलो तेव्हा मुंगी पुढे बघत बसली होती. पिशवी माझ्या हातातच राहिली होती.

७ मार्च, शुक्रवार

आधी दवाखान्यात. एक बाई आ करून खुर्चीत आडव्या. मी दारातूनच पिशवी आत टाकली. "तलाव कोरडा आहे, डॉक्टर!" ते मास्क लावलेले, नुसते डोळे दिसत होते. डोळे खाली गेले. "अहो, मनाला लावून घेऊ नका... मी नकोच म्हणत होतो... घरचे ऐकेनात." त्या बाई आ करूनच ऐकत होत्या. शर्यत थांबवणार होते म्हणे! दात काढण्यात वाकबगार, स्वतःच्या तोंडातून मात्र एक शब्द धड निघेना.

मग वकीलबाईंच्या ऑफिसात. त्या डगमगल्या नाहीत. चहा मागवला. "भाऊ, आपण लेखी काही केलं नव्हतं."

मी म्हटलं, शब्द म्हणजे शब्द असं कोण म्हणालं होतं?

"म्हणाले होते. तेव्हा मनापासूनच म्हणाले होते. पण घरी गेले, मुलीकडे बघितलं आणि भीती वाटली. प्रत्येक जण आधी आपल्या मुलीचं बघतो. तुम्ही नाही बघितलंत, त्यात आमचा काय दोष?"

चहा तसाच ठेवून उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाल्या, "आमच्यावर रागावण्याआधी एकदा घरी विचारा."

काय विचारू घरी? घरी कोण आहे खोटं बोलणारं?

रस्ताभर तेच वाक्य टोचत राहिलं. तुम्ही नाही बघितलंत. मी पोरीसाठी पहाटे उठून भट्टीसमोर उभा राहतो. आणि मी नाही बघितलं?

८ मार्च, शनिवार

दोन्ही घरी निरोप धाडला. सोमवारपासून आपापल्या मुली आपापल्या आणा.

पाव करपले आज. पूर्ण घाणा.

९ मार्च, रविवार

विचारलं. मुंगीलाच विचारलं. बिस्किटांचे डबे भरत होती.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या मंगळवारपासून."

वर्षभर! माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर! मी तलावाशी गाडी थांबवायचो, त्या दोघींना म्हणायचो, "सांभाळून गं, खोल पाण्यात जाऊ नका!" आणि ही खिडकीबाहेर बघायची. तिघी मिळून हसत असतील मला. वेडा बाबा!

नको ते बोललो. परक्यांनी फसवलं ते सोसेन, पण तू? घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते हेच. तिचा नंबर लागला नाही ते बरंच झालं, असंही म्हणालो. तोंडातून गेलं.

ती रडली नाही. "मी काही केलं नाही, बाबा," एवढंच म्हणाली.

"तेच तर! काही केलं नाहीस!" म्हणून मी ओरडलो.

ही दारात उभी होती. मला वाटलं मध्ये पडेल, पोरीची बाजू घेईल. पांढरीफटक पडली आणि आत निघून गेली.

१० मार्च, सोमवार

घरात कोणी कोणाशी बोलत नाही. विश्वास ठेवायला एकही माणूस उरला नाही मला.

११ मार्च, मंगळवार

आज गाडीत दोघंच. तलावाच्या वळणावर मुंगी म्हणाली, "थांब ना जरा."

मग तिनेच सांगितलं. हिने वर्षाच्या सुरुवातीलाच मुंगीचंही नाव त्या क्लासात घातलं होतं. वकीलबाईंशी बोलून, मला न सांगता. "मैत्रिणींबरोबर नुसती काठावर बसते, असं सांग बाबांना," इथपर्यंत शिकवून ठेवलं होतं. दोघी दर वेळी मुंगीसाठी मधली जागा धरून ठेवायच्या. मुंगी एकदाही गाडीतून उतरली नाही.

मला सांगितलं का नाहीस, विचारलं. म्हणाली, "मग आईचंही सांगावं लागलं असतं."

"आणि गेली का नाहीस?"

"तू शब्द दिला होतास ना? मी होते तिथेच. डबे भरत होते."

मग तिने फाटकाकडे बघितलं.

"आता त्यांनी मोडलाय ना, बाबा... मग मी गेले तर चालेल?"