मदतीतला द

प्रिय भिंगरी,

आईचं पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. बाबांचा गुडघा होता तिथेच आहे आणि गुडघ्याबद्दलची तक्रारही. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. एक तर फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस, आणि दुसरं म्हणजे आपल्या गल्लीत सध्या पत्रांना पुन्हा भाव आलाय. का, ते सांगते. पण माझ्या पद्धतीनं सांगणार. मध्येच 'आई, मुद्द्यावर ये' म्हणायची सोय नाही, हा पत्राचा मोठाच फायदा.

पोस्टमनकाका सायकलवरून पडले आणि त्यांचे समोरचे दोन दात गेले, इतपत तुला माहीत आहे. मी त्यांना काढता-घालता येणारे तात्पुरते दात करून दिले, आणि पहिल्याच शिट्टीला ते सुटून बेकरीवाल्याच्या काउंटरवर ताज्या पावांत जाऊन पडले, तेही मी सांगितलं होतं. तू हसून हसून फोन ठेवलास. आम्हीही हसलो गं, पण काका हसले नाहीत, आणि ते दात त्यांनी पुन्हा तोंडात घातले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते गल्लीत मुकाट्यानं यायला लागले. प्रत्येक घराची शीळ वेगळी, आणि ज्याच्या घरी पत्र त्याच्या घराची शीळ कोपऱ्यावरूनच घालायची, हा त्यांचा शिरस्ता तुझ्या जन्माआधीचा. बिलांना शीळ नाही, पत्राला मात्र हमखास. तुझ्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा त्यांनी आपल्या घराची शीळ घालत अख्खी गल्ली पार केली होती, आणि तू ओल्या केसांनी जिना उतरून धावली होतीस. तो माणूस आता दारातल्या फटीतून पाकीट सरकवून चोरासारखा निघून जायचा. माझ्या जिवाला ते फार लागलं.

हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्के दात लावले, तरच तोंडातली हवा नीट अडणार होती. दात मी फुकट करणार होते, आमच्या दातांच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनीही हात सैल सोडला, पण स्क्रू आणि बाकीचं सामान काही कोणी फुकट देत नाही. काकांच्या हातावर तसे पैसे ठेवायला गेलं तर त्यांनी ते तोंडावर फेकले असते. म्हणून शिवणवाल्या मावशींनी तोड काढली. शीळ घालायची स्पर्धा भरवायची, काकांना परीक्षक करायचं आणि स्पर्धेच्या नावानं मदत गोळा करायची. गल्ली सोडून गेलेल्यांनाही देता यावी, म्हणून फोनवरून पैसे घ्यायचे ठरलं. त्यासाठी ज्या कंपनीत खातं उघडलं, ती कुठली हे वेगळं सांगायला हवं का? आपली भिंगरी जिथे तक्रारींच्या विभागात बसते, तिच्याशिवाय दुसरीकडे जायला आम्ही काय वेडे आहोत?

आणि इथेच माशी शिंकली. स्पर्धेचं निवेदन लिहायचा मान काकांनी हट्टानं मागून घेतला. त्यांच्या जाड अंगठ्याला फोनची अक्षरं सापडत नाहीत, म्हणून ते फोनमध्ये बोलले आणि फोननं लिहून घेतलं. आता मला सांग, समोरचे दात नसलेल्या माणसाला 'द' म्हणता येतो का? जिभेला टेकायलाच काही नाही! काका म्हणाले 'मदत', फोननं लिहिलं 'मत'. 'आमच्या शीळ स्पर्धेला आपली मत पाठवा. प्रत्येक मत मोलाची.' कोणी तपासलं नाही, मीसुद्धा नाही. लोकांना वाटलं, पैसे भरले की आवडत्या शीळवाल्याला मत पडतं. बेकरीवाल्यानं तर स्वतःलाच मतं द्यायचा सपाटा लावला, वर मेव्हणीलाही कामाला जुंपलं. पैसे धो धो आले. आम्ही म्हटलं, गल्ली केवढ्या मनाची! आणि एका सकाळी तुमच्या कंपनीनं खातं गोठवलं. पैसे घेऊन मतं देणं स्पर्धांच्या नियमांत बसत नाही, ही देणगी नव्हे, एक प्रकारचा जुगार आहे, असं उत्तर. जुगार! शिवणवाल्या मावशी आणि जुगार!

मी खवळले. तुझी आई खवळली की काय होतं, हे तुझ्या शाळेला चांगलं माहीत आहे. मी तक्रार लिहिली, छापील उत्तर आलं. पुन्हा लिहिली, पुन्हा तेच छापील उत्तर, फक्त वरचं 'नमस्कार' बदलून 'सस्नेह नमस्कार'. मग मी दवाखान्यातल्या भट्टीत कोणाचे तरी नवे दात भाजायला ठेवून विचार करत बसले आणि मला पुरावा सापडला. 'आपली मत', 'मोलाची'! मत ते असतं, आपलं मत, मोलाचं मत. 'आपली' आणि 'मोलाची' म्हटलंय म्हणजे काकांच्या तोंडी शब्द मदतच होता, मधला द तेवढा पडला. मी लिहिलं, साहेब, हा जुगार नाही, हा पडलेला दात आहे, आणि तो पडल्याची खूण शेजारच्या शब्दांवर आहे. बाबांनी ते वाचलं आणि म्हणाले, तू वकील व्हायला हवी होतीस. संसारात एवढं कौतुक मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

पण सगळ्यांचं एकच टुमणं होतं. एवढी डोकेफोड कशाला, पोरगी तिथेच आहे ना, एक फोन टाक. बेकरीवाला म्हणाला, मावशी म्हणाल्या, बाबाही आडून आडून म्हणाले. काका तेवढे म्हणाले नाहीत. मी फोन उचलून ठेवला, खोटं कशाला सांगू, एकदा नाही, चार वेळा. त्या रागाच्या भरात तुझा आवाज ऐकू आला असता तर मी सांगून मोकळी झाले असते. पण मनात आलं, उद्या हिला कोणी विचारलं की आईच्या पैशाला तू हात लावलास का, तर हिनं काय सांगायचं? त्यापेक्षा माझं मी भांडेन. म्हणून रविवारी तुझा फोन आला की मी हवेबद्दल बोलायचे. तूही बोलायचीस. इतकं हवामान आपण आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

मग तुमच्याकडून एका बाईंचा फोन आला. तुमच्यातल्या कोणी मोठ्या असाव्यात, आवाज पिकलेला होता. त्यांनी माझी तक्रार शब्दन्‌शब्द वाचली होती. म्हणाल्या, तुमचा द पडल्याचं मला शंभर टक्के पटलं. माझी छाती अशी फुगली! पण पुढे म्हणाल्या, तुम्ही काय म्हणणार होतात हा प्रश्नच नाही, देणाऱ्यांनी काय वाचलं हा प्रश्न आहे. त्यांनी मत वाचलं आणि मतासाठी पैसे दिले. ते त्यांना परत गेले पाहिजेत. मग हवं तर स्पर्धा बाजूला ठेवून काकांच्या दातांसाठी सरळ मदत मागा, त्याला नियमाची आडकाठी नाही. भिंगरी, त्या बाईंचं बरोबर होतं गं, आणि मला बरोबर माणसाचा फार राग येतो.

पैसे सगळ्यांना परत गेले. हातात परत आलेला पैसा पुन्हा सोडायला लोकांना जड जातं, आणि मग काकांच्या तोंडातलं ते भगदाड कायमचं राहिलं असतं. पण कोणाला भरीस पाडायचं नाही असं मी ठरवलं. नवं निवेदन मी स्वतः लिहिलं, द दहादा तपासला. स्पर्धेचा उल्लेख नाही, बक्षीस नाही, मत नाही. फक्त, काकांना पुन्हा शीळ घालता यावी म्हणून. आणि पोरी, आपल्या गल्लीचं नाक वर राहिलं! परत गेलेलं जवळजवळ सगळं पुन्हा आलं. बेकरीवाल्यानं आम्हाला सगळ्यांना शिव्या घातल्या, आणि स्वतःच्या मतांचे पैसे मेव्हणीच्या पैशांसकट पुन्हा भरले. मी त्याला काही बोलले नाही, पण त्याच्याकडून आता शिळा पावसुद्धा कुरकुर न करता घेते.

स्क्रूला हाड धरायला काही महिने गेले. मी आधी मेणाचे दात करून काकांच्या तोंडात बसवले आणि त्यांना जिन्यात उभं करून शीळ घालायला लावली. त्यांच्या जुन्या दातांत केसाएवढी फट होती, ती नसेल तर सूर घोगरा येतो. डॉक्टर म्हणाले, फट नको, वाईट दिसतं. मी म्हटलं, दिसायला ते काय नवरदेव आहेत? फट ठेवली. माझ्या हातून झालेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे, आणि हे मी म्हणतेय म्हणजे खरंच असणार.

गेल्या रविवारी स्पर्धा झाली. मतं टाळ्यांनी मोजली, शिवणवाल्या मावशी जिंकल्या, बेकरीवाला रुसला. शेवटी काका उठले आणि त्यांनी गल्लीतल्या एकेका घराची शीळ घातली. ज्याची शीळ वाजेल तो उठून उभा राहायचा, कोणी सांगितलं नव्हतं तरी. आपली त्यांनी सगळ्यात शेवटी घातली. मी आणि बाबा उभे राहिलो, आणि बाबांना गुडघ्याची आठवणही झाली नाही.

आता मुद्द्यावर येते. त्या बाईंचा तो फोन सकाळी आला होता, भट्टी लावायच्या आधी. चिडून मी त्या बाईंना विचारलं होतं की तुम्हाला आई नाही का. त्या हसल्या. म्हणाल्या, तुमचा हा शेवटचा कागद आधी एका मुलीकडे आला होता. तिनं तो तिथल्या तिथे परत केला आणि लिहिलं, यांच्या हातचं खाऊन मी मोठी झालेय, यांच्या बाबतीत माझं मत धरू नये. फक्त यांना छापील उत्तर पाठवू नका, फोन करा, आणि तोही सकाळी करा, दुपारी त्या भट्टीपाशी असतात. नाव त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्यांना त्याबद्दल काही बोलू नकोस. काकांचे दात बसेपर्यंत गप्प राहायचं ठरवलं होतं, तेवढी राहिले. अख्खी गल्ली म्हणत होती की पोरगी आपल्या बाजूनं एक शब्द टाकेल. तू टाकला नाहीस, आणि मी भट्टीपाशी बसून आनंदानं रडले. तू मत दिलं नाहीस गं, तीच तुझी मदत. हे पत्र आता काकांच्याच हातात देणार आहे. कुणाला लिहिलंय ते बघून पेटीपर्यंत आपल्या घराची शीळ घालत जाणार आहेत, तसं त्यांनी मला आधीच बजावलंय. येत्या रविवारी फोन करशील तेव्हा हवेबद्दल एक अक्षर बोलू नकोस.

तुझीच, आणि तुझ्यामुळे सध्या गल्लीत मान ताठ करून फिरणारी,
आई