तीन हातांची अश्वगंधा

जुईनगर

प्रिय आई,

तू फोनवर येत नाहीस, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसले. कधीही फोन लावला की मनाली वहिनी उचलते आणि सांगते, आई अंघोळीला गेल्यात, आई परसात आहेत, आईंचा आत्ताच डोळा लागलाय. बिचारीला धड खोटंही बोलता येत नाही, आणि मागून तुझी कुजबुज मला इकडे स्पष्ट ऐकू येते. दिवसातून एवढ्या अंघोळी म्हैससुद्धा करत नाही. हे पत्र सदूच्या टेम्पोतून पाठवतेय. वाशीच्या मार्केटला भाजी उतरवून तो रिकामा परत येतो, तुझ्या हातातच देईल. फोन कट करता येतो, पत्र नाही. आणि तू किराणाच्या पुडीचा कागददेखील वाचल्याशिवाय चुलीत घालत नाहीस, तेव्हा हे वाचशीलच.

वहिनी सांगत होती, तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेस की माझ्याच हातानं मी लेकीला विष घातलं, आता जुईनगरच्या त्या घरात पाऊल टाकणार नाही. ऐकून मी कपाळावर हात मारला. अगं, मी धडधाकट आहे. रोज रबाळ्याला कामावर जातेय, दोन वेळा जेवतेय, तुझ्या जावयावर ओरडतेय. विष कसलं आणि काय कसलं. गावात ही गोष्ट आता कुठल्या कुठे पोचली असेल, म्हणून काय झालं ते एकदा नीट सांगते. मध्येच रडायला लागू नकोस, आधी पूर्ण वाच.

कंपनीत माल भरून गाड्या बाहेर काढायचं काम माझं, हे तुला ठाऊक आहे. गेल्या दिवाळीच्या आधी एक दिवस चलनं तपासता तपासता अचानक छातीत धडधडायला लागलं, हातपाय गार पडले, श्वास पुरेना. मला वाटलं, संपलं सगळं. दवाखान्यात नेऊन इसीजी काढला, तो एकदम चांगला. तिथले डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, ही चिंता आहे, मनाच्या डॉक्टरांना दाखवा. एवढं एक वाक्य आपल्या माणसांनी ऐकलं आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. शेजारी ऐकतील म्हणून सासूबाईंनी आधी दार लावून घेतलं. विश्वजित म्हणाला, टेन्शन घेऊ नकोस. हे ‘टेन्शन घेऊ नकोस’ ऐकून माझे कान किटलेत गं. मी काय ते हौसेनं घेते? भाजीवाल्याकडून निवडून आणते?

मग सुरू झाले उपाय. कंपनीतल्या बुशरानं मॅग्नेशियमच्या गोळ्यांची बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवली, तिच्या नणंदेला फरक पडला म्हणून. सासूबाईंच्या भजनाच्या बायका ब्राह्मीचं तेल घेऊन आल्या आणि माझं डोकं असं काही रगडलं की धडधड राहिली बाजूला, मान धरून बसली. सोसायटीच्या सेक्रेटरीनं जटामांसीचं पाणी सांगितलं, त्याच्या बायकोनं परदेशी फुलांचा चहा दिला, तो वाळलेली शेवंती उकळल्यासारखा लागतो. उशीला लावायला एक अत्तर आलं, त्यानं रात्रभर शिंका. सगळ्यांचं म्हणणं एकच, नैसर्गिक आहे, अपाय काही नाही. मी प्रत्येकाला हात जोडून सांगितलं की बाबांनो, मला थायरॉईडची गोळी चालू आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी काही घेणार नाही. सगळे हो हो म्हणाले. आपल्याकडे हो म्हणण्याचा अर्थ काय होतो, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

तू डिसेंबरात आलीस ना, आल्या आल्या डिंकाच्या लाडवांचा डबा काढलास. थंडीचे आहेत, बाळंतिणीला देतात तसे, खा. मी खाल्ले. त्यात तू अश्वगंधा घातली होतीस हे तू बोलली नाहीस. इकडे सासूबाई रोज झोपताना हळद घातलेलं दूध द्यायच्या. एवढं प्रेम त्यांनी लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दाखवलं नव्हतं, तेव्हाच संशय यायला हवा होता. त्यातही अश्वगंधा. हळद आणि गूळ असा ठासून घातलेला की वासाचा पत्ता लागू नये. आणि तुझा तो शहाणा जावई, रोज सकाळी नाश्त्याबरोबर एक कॅप्सूल हातावर ठेवायचा, केस गळतात ना तुझे, त्याचं व्हिटॅमिन आहे म्हणून. तेही तेच. बाटलीवरचं लेबल त्यानं खरवडून काढलं होतं. दरवाजाच्या बिजागरीला तेल घाल म्हटलं तर त्याला जमत नाही, हे मात्र बरोबर जमलं.

यातली खरी गंमत अशी की तिघांनी एकमेकांना ताकास तूर लागू दिली नाही. तुला वाटायचं, विहीणबाईंना कळलं तर म्हणतील, आमची सून काय आजारी आहे का. त्यांना वाटायचं, तुला कळलं तर तू म्हणशील, माझ्या लेकीला काय खाऊ घालताय. विश्वजितला तर तुम्हा दोघींची भीती. एका स्वयंपाकघरात तिघं वावरत होतात, एकाच मुळीची पूड तीन डब्यांत लपलेली, आणि मी मधे बसून तिन्हीकडचं खात होते.

मला बरं वाटायच्या ऐवजी वाईट होत गेलं. हात थरथरायला लागले, घाम फुटायचा, रात्र रात्र डोळा लागेना, अंगावरचे ड्रेस सैल झाले. गाडीचा नंबर लिहायला घेतला तरी पेन हलायचं. साहेबांनी मला डिस्पॅचवरून काढून फायलींजवळ बसवलं, आणि तिथे बसून मी ठरवलं होतं की आता राजीनामाच द्यावा, आपण आता कायमच्याच अशा झालो. मी खचत चालले तसा तुम्ही तिघांनी आपापला हात सैल सोडलात. तू एकाचे दोन लाडू केलेस. सासूबाईंचा चमचा भरून यायला लागला. म्हणजे आग विझत नाही म्हणून तीन बाजूंनी रॉकेल ओतणं चाललेलं, आणि ओतणारे सगळे मायेचे. तू गावाला परत निघालीस तेव्हाही जाता जाता डबा भरून ठेवून गेलीस.

शेवटी मी कुणाचं न ऐकता वाशीला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावला. त्यांनी गोळी लिहायच्या आधी रक्त तपासायला लावलं, तर थायरॉईडचा आकडा पार बिघडलेला. त्यांनी विचारलं, थायरॉईडच्या गोळीशिवाय आणखी कुठलं औषध चालू आहे? मी म्हटलं, नाही. विश्वजित म्हणाला, नाही. सासूबाई हट्टानं बरोबर आल्या होत्या, त्या म्हणाल्या, औषधाला ही शिवतच नाही. आई, तिघंही खरं बोलत होतो. आपल्या घरात घरचं ते औषध नसतंच मुळी. बाईंनी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मग त्या म्हणाल्या, औषधाचं राहू दे, सकाळपासून झोपेपर्यंत ही काय काय खाते ते सांगा. आता सासूबाईंना जोर आला. सुनेला आपण कसं जपतो हे सांगायची संधी. झोपताना दूध, त्यात हळद, गूळ, आणि अश्वगंधा, असं त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं. विश्वजितचा चेहरा पडलेला मी बघितला. त्यानं कॅप्सूलचं कबूल केलं. मग घरी येऊन मी तुला फोन केला, लाडवांत काय होतं विचारलं, तू अश्वगंधा म्हणालीस, आणि तेव्हापासून तू फोनवर आलेली नाहीस.

आता बाई काय म्हणाल्या ते ऐक, कारण तेवढंच तू ऐकलं नाहीस. त्या म्हणाल्या, अश्वगंधा विष नाही. कुणाला तिचा उपयोगही होतो. पण ज्याला थायरॉईडची गोळी चालू आहे त्याचं थायरॉईड ती आणखी वर चढवू शकते, आणि ते चढलं की धडधड, थरथर, झोप उडणं, सगळं भीतीसारखंच दिसतं. त्यात ही तीन हातांनी, विनामाप. त्यांनी सगळं बंद करायला लावलं, थायरॉईडच्या गोळीचं प्रमाण नीट बसवलं. आकडा खाली आला, हात थरथरायचे थांबले, साहेबांनी मला परत डिस्पॅचला घेतलं. मूळची भीती होती तेवढी आहे, तिच्यासाठी त्यांनी वेगळी गोळी दिलीय आणि दर आठवड्याला एका बाईंशी बोलायला जाते. तिथे नुसतं बोलायचं असतं. सासूबाई म्हणतात, बोलायला आम्ही मेलो होतो का. पण आता चडफडत का होईना, माझ्याबरोबर येतात आणि बाहेर बसून वाती वळतात. विश्वजितनं माफी मागितली, सासूबाईंनी नाही मागितली पण दुधात आता काय आहे ते पेला देतानाच सांगतात. तिघांत एकट्या तूच अशी की माझ्याशी बोलणं टाकून बसलीस. चूक तिघांची आणि शिक्षा मला, हा कुठला न्याय? मला राग याचा आलाय. लाडवांचा नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला फोनवर बोलता आलीच नसती. बाईंनी त्या दिवशी दुसराही एक प्रश्न विचारला होता, की घरात आधी कुणाला असा त्रास होता का. मी पटकन नाही म्हटलं. औषधाला नाही म्हटलं होतं ना, अगदी तसंच. पण घरी आल्यावर ते नाही मला खटकत राहिलं. घणसोलीला माथाडींच्या वसाहतीत राहायचो तेव्हा आप्पांना मार्केटातून यायला उशीर झाला की तू गॅलरीत उभी राहायचीस, हात छातीवर धरून, आणि तुझे ओठ पांढरे पडलेले असायचे. विचारलं की म्हणायचीस, पित्त झालंय. सांगलीच्या मावशीच्या लेकीच्या लग्नाला निघालो आणि अर्ध्या वाटेत तू एस्टी थांबवून खाली उतरलीस, आम्ही तिथूनच परत आलो. तेव्हाही पित्त. भर बाजारात भाजीची पिशवी टाकून तू एका दुकानाच्या पायरीवर बसलीस, घामानं भिजलेली, तेव्हाही पित्तच. आम्ही पोरं धावत जाऊन सुंठ-साखर आणायचो आणि तू ती चघळत बसायचीस. तुझ्या फळीवरचा अश्वगंधेचा डबाही तेव्हापासूनचा आहे. मी आजारी पडायच्या कितीतरी आधीपासून तू ती पूड दुधातून घेत आलीस. तीच मला द्यावी असं तुला सुचलं ते काही उगाच नाही. एवढी वर्षं तू एकटीनं काढलीस आणि आम्हाला कुणाला कळलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

खरं सांगते, तू रुसलीस एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. रुसवा काय, आज ना उद्या गेला असता. वहिनी परवा फोनवर रडली. म्हणाली, आई शेतात जात नाहीत, देवळात जात नाहीत, ताट तसंच सारतात, रात्री उठून अंगणात फेऱ्या मारतात, आणि विचारलं की पित्त म्हणतात. मी डॉक्टरीणबाईंना तुझ्याबद्दल सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आईला घेऊन या, आणि जाता जाता विचारलं, त्यांना नेमकी कशाची भीती वाटते? तुला गवारीची भाजी आवडत नाही, तुझा डावा गुडघा दुखतो, हे सगळं मला माहीत आहे, हे मात्र नाही. कधी विचारलंच नाही तुला. म्हणून आता तू ये. माझं काही करायला येऊ नकोस, तुझ्या स्वतःसाठी ये. तुझ्या नावानं नंबर लावलाय. आपला कुलदीपदादा रविवारी तुला गाडीनं आणून सोडणार आहे, माझं त्याच्याशी बोलणं झालंय. वाटेत छातीत धडधडायला लागलं तर पित्त झालंय म्हणू नकोस, मला भीती वाटतेय असंच त्याला सांग. तो गाडी थांबवेल.

तुझीच चिडकी,
उत्कर्षा