सहीशिवाय शिफ्ट सुटत नाही

बोईसर, २८ जून २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत कथा पाठवली आहे. फोन का करत नाहीस, असं विचारू नकोस. फोनवर बोललेल्याची नोंद राहत नाही, आणि नोंद नसलेली गोष्ट घडली असं माझ्यासारख्या बॉयलर अटेंडंटला वाटतच नाही.

मनोरच्या बाजारात रानभाजी विकायला निघालेल्या बाईची ही कथा. अकरा वर्षांत अकरा वह्या भरल्या आणि एकूण एक कथा साभार परत आली. टपालखातं माझ्यावरच चाललं असावं. बॉयलरची परीक्षा मी पुस्तकं वाचून दिली, गुरू केला नाही. कथाही तशाच येतील असा ताठा होता. आता ठरवलंय, ही कथा दिवाळी अंकाकडून परत आली की अकराही वह्या रद्दीत. आमच्या सौ. रूपालीने माळ्यावरची ती जागा आतापासूनच लोणच्याच्या बरण्यांना देऊन टाकली आहे.

तपशिलाची काळजी नको. बाई सहा वाजून दहा मिनिटांनी निघते, टोपली साडेअकरा किलोची, वाटेत विजेचे बेचाळीस खांब. खांब मी स्वतः मोजले. तू जन्मभर शाळेत मराठी शिकवलंस, दयामाया न करता तपास.

कथा वाचूनही लोभ टिकला तर कळव.

तुझा,
खंडू

मासवण, ६ जुलै

चि. खंडूस,
अ. उ. आ.

पंचवीस किलोमीटरला पत्राने सहा दिवस घेतले. तुझी बाई टोपलीसकट आधी पोचली असती.

कथा दोनदा वाचली. खांब बेचाळीसच असणार, शंका नाही. पण त्या बाईला मान आहे का रे? तीन पानांत तिचं एकदाही काही दुखत नाही, तिला कुणाचा राग येत नाही. ती बाजारात पोचते आणि भोंगा वाजल्यासारखी कथा संपते.

लहानपणी आंबे चोरलेस तेव्हा माकडाने नेले म्हणालास, आणि वर त्या माकडाला एक कान नव्हता असं सांगितलंस. आईने त्या कानापायी विश्वास ठेवला. तो खंडू कुठे गेला? वह्या रद्दीत घालण्याआधी त्याला शोध. रद्दीवाल्याला घाई नसते.

रूपालीला सांग, बरण्या उन्हात ठेवल्याशिवाय भरू नकोस. तुला रागाने लिहिलं असलं तरी माया कमी धरू नये.

तुझी,
सुगंधाताई

बोईसर, १९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझ्यावर रागावलो. तिसऱ्या दिवशी रजा काढून मनोरला गेलो, स्प्रिंगचा काटा घेऊन. साडेअकरा किलो सिद्धच करायचे होते. जिवली नावाची बाई करटोलीची टोपली घेऊन नुकतीच आली होती. तिला वजन करू का विचारलं. ती म्हणाली की मोजतो कशाला भाऊ, डोकीवर घेऊन बग.

घेतली. बाजाराच्या टोकापर्यंत जाऊन आलो. बायका पोट धरून हसत होत्या. टोपली उतरली तरी मान वळेना, आणि हात आपोआप वर जायचा, नसलेली टोपली सावरायला. जिवली म्हणाली की आता जेवताना पण जाईल. गेला. रूपालीने विचारलं, पंखा बंद करायचाय का.

पुढचं लिहायला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला लॉगबुक भरत होतो. दाब लिहिला, पाण्याची पातळी लिहिली, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘सर्व ठीक’ऐवजी लिहून बसलो, ‘टोपली उतरली तरी तिचा हात वरच राहिला.’ लॉगबुकात खाडाखोड करायला बंदी. हा नियम सगळ्यांना मीच सुनावतो.

तीन वाजता देवू शिफ्ट घ्यायला आला. मनोरकडच्या पाड्यावरचा, माझ्याच वयाचा. तो ओळ न ओळ वाचून खाली ‘वाचले, समजले’ लिहितो, सही करतो, तेव्हा माझी शिफ्ट सुटते. त्या ओळीवर थांबला. मला वाटलं, आता गावभर करणार. तो हळूच म्हणाला की माजी आय अशीच होती, घरात पण हात वर. आणि लिहिलं, ‘वाचले, समजले.’ सही केली. मग विचारतो कसा, की म्होरं काय झालं त्या बाईचं?

ताई, अकरा वर्षांत हे दोन शब्द मला कुणी लिहून दिले नव्हते.

साहेबांनी मेमो दिला. खुलासा तीन पानी लिहिला, तर म्हणाले अर्ध्या पानात आणा. मला भेटलेला हा पहिला संपादक. घरी येऊन कथा पुन्हा लिहिली, सोबत जोडली आहे. खांब काढून टाकले. एक ठेवला, तिला टेकायला.

मान आखडली आहे, म्हणून नमस्कार ताठ्यानेच स्वीकारावा.

तुझा,
खंडू

मासवण, २७ जुलै

चि. खंडूस,
अ. उ. आ.

नवी कथा वाचताना माझाच हात वर गेला. दिवाळी अंकाकडे पाठवून दे. शेवट अजून बाजारातच अडकलाय असं वाटतं, पण तुला दम निघणार नाही हे माहीत आहे. मेमो जपून ठेव, तुझ्या लेखनाची लेखी दखल घेतलेला तो पहिला कागद. मानेला तीळतेल लाव.

कथा छापून येवो न येवो, माझा जीव तुझ्यात आहेच.

तुझी,
सुगंधाताई

बोईसर, २४ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कथा परत आली. साभार.

बोलल्याप्रमाणे रविवारी वह्या काढल्या, सुतळी बांधली. मोजल्या तर दहा. अकरावी, हीच कथा असलेली, देवूने वाचायला नेली होती. अपुरा संच रद्दीत देणं माझ्या शिस्तीत बसेना. रद्दीवाल्याला पुढच्या रविवारी बोलावलं. रूपाली बरणी हातात धरून उभी होती. तेच जास्त लागलं.

काल देवूने वही परत दिली. शेवटच्या पानाखाली तारीख, वेळ घालून लिहिलंय, ‘वाचले. शेवट समजला नाय. बाई घरी कवा जाते?’ आणि सही केलेली नाही. विचारलं, तर म्हणतो की समजलं नाय तर सही कशी करू, तूच शिकवलास ना.

आता सहीशिवाय शिफ्ट कशी सोडणार? सुतळी सोडली. बारावी वही आणली आहे. उद्या रजा आहे. सकाळी मनोरला जाऊन, बाजार उठला की जिवलीबरोबर तिच्या पाड्यापर्यंत चालत जाणार आहे. काटा घरीच ठेवतो.

बरण्या तुझ्याकडे मासवणला ठेवता येतील का, ते कळव. आणि मायेची नोंद राहत नसली तरी ती असू दे.

तुझा,
खंडू