एलादियोची पेटी

२९ जून, रविवार

नवरा नाही म्हणाला! सरळ तोंडावर. "मी जिवंत माणूस आहे, ओब्दुलिया. पेटीत झोपायची मला घाई नाही."

जिवंत आहेस तो कुणामुळे, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. मार्चमध्ये द्राक्षमळ्याच्या उतारावर ट्रॅक्टर उलटला याच्या अंगावर. डॉक्टरांनीसुद्धा आशा सोडली होती. हा डोळे मिटून पडलेला, अंगभर नळ्या. मी खाटेशी बसून रडत, भेकत आमच्या गावच्या संतिणीला, सांता मारिन्याला, नवस बोलले — याला उठव, तुझ्या सणाला याला पेटीत घालून मिरवीन. आणि उठला की हा!

आमच्या पेनाल्बा गावात मरणाच्या दारातून परतलेला प्रत्येक जण हेच करतो. उघड्या शवपेटीत झोपायचं, घरच्यांनी खांदा द्यायचा, सांताच्या मूर्तीमागून चर्चला एक फेरी. झालं, फिटलं. गेल्या वर्षी शाळेच्या बाईसुद्धा झोपल्या होत्या, चष्मा लावून. यालाच कसली एवढी लाज?

४ जुलै, शुक्रवार

पाव आणायला गेले तर शेजारची फेर्मिना सगळ्यांसमोर — "काय गं, तुझा एलादियो पेटीत मावत नाही की काय? पोट सुटलंय खरं त्याचं!" सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन भांडी आपटली.

९ जुलै, बुधवार

फादर सेवेरिनोंकडे गेले होते. पाद्री असून किती सहज बोलतात! "अगं, नवस तू बोललीस ना? मग तूच फेड. मेणबत्ती घेऊन गुडघ्यांवर फेरी घाल. सांता समजून घेईल."

मला पटलं. जेवताना एलादियोला सांगितलं. तर हा पांढराफटक! काटा ताटात टाकला. "तू काही करायचं नाहीस! त्या चर्चची पायरीसुद्धा चढायची नाहीस या महिन्यात!"

इतक्या वर्षांत असा ओरडला नव्हता माझ्यावर. ट्रॅक्टरखाली याची श्रद्धाही चिरडली की काय, देव जाणे.

१२ जुलै, शनिवार

बोलणं बंद. ब्राइस सणासाठी व्हिगोहून आलाय, तर हा मीठसुद्धा लेकामार्फत मागतो.

१३ जुलै, रविवार

मला भीती वाटते. इथे लिहिते, दुसरं कुणाला सांगू? हा खोकला तरी मी धावत जाऊन बघते. सण वर्षातून एकदाच. या वर्षी चुकला, आणि तिनं दिलेलं परत मागितलं तर? ब्राइस म्हणतो, "आई, तुमची सांता काय सावकार आहे?" मेल्याला शिकवलं, तेच चुकलं.

१६ जुलै, बुधवार

सकाळी काठी घेऊन लंगडत कुठेसा गेला. जेवायच्या वेळी परत. हात धुतले, बसला आणि सूप ओढता ओढता म्हणाला, "चर्चमधली ती जुनी अक्रोडाची पेटी नको सांग. तिच्यात एक खिळा वर आलाय."

मी लगेच अजून एक पळी सूप वाढलं! का, कसं, काही विचारलं नाही. उगाच मन बदलायचा. ब्राइसनं लगेच माझी शिवणाची टेप घेऊन त्याचं माप घेतलं. "बाबा, श्वास सोडा. पेटीत पोट आत ओढून नाही झोपता येणार." एलादियो हसला. आज किती दिवसांनी हसला!

१८ जुलै, शुक्रवार

फिटला! फिटला! फिटला!

ऊन असं की मेणबत्त्या हातातच वाकत होत्या. फटाके, बँड, धूळ. एलादियो लग्नातल्या कोटात — बटणं लागली नाहीत, तसाच झोपला. ब्राइस, माझा भाऊ आणि दोन पुतणे खांद्याला. पहिल्याच चढावर भाऊ कण्हला, "काय खातो काय हा माणूस!" पेटीतून आवाज — "तुझ्या बहिणीला विचार!"

फेर्मिना ओरडली, "एलादियो, डोळे तरी मीट रे!"

"मिटले तर तू रडायला लागशील. नको बाई."

लोक हसून हसून बेजार. मी बाजूनं चालत त्याला पंख्यानं वारा घालत होते. पण बघावं तर हा सारखा माझ्याकडेच बघतोय. मान वाकडी करून, सगळी फेरीभर. नीट झोप म्हटलं तरी ऐकेना.

दारापाशी पेटी खाली ठेवली. कुणाचा हात न घेता उठला, आणि मी सगळ्या गावादेखत हंबरडा फोडला. मेल्यावर रडतात तशी! फादर सेवेरिनो म्हणाले, "अगं, उलट झालंय, तो उठलाय." मग मांडवात ऑक्टोपस खाल्ला, लाल तिखट भुरभुरवलेला, ऑलिव्ह तेलात थबथबलेला. वाइन जरा जास्तच झाली. छातीवरचं ओझं उतरलं. आता काही होणार नाही याला.

१९ जुलै, शनिवार

ऊन वर येईपर्यंत झोपले. गाई हंबरून थकल्या.

२० जुलै, रविवार

वेलीखाली शेंगा सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "एवढंसं तर होतं. उगीच छळलंस मला."

मान वर न करता म्हणाला, "हॉस्पिटलात मला सगळं ऐकू येत होतं. डोळे तेवढे उघडत नव्हते. 'हवं तर याच्याऐवजी मला ने' — असंही म्हणालीस तू. नवस फेडायचा म्हणजे तेही आलंच की."

"मग झोपलास कसा?"

"बुधवारी चर्चमध्ये जाऊन सांताला सांगून आलो. पेटीचं तेवढं मान्य. दुसरं आपल्याला मान्य नाही."

मी असं म्हटलं होतं? मला आठवतसुद्धा नाही. आणि हा मार्चपासून एकटाच ते घेऊन बसला होता.