गोजरबाईला मोठ्याने वाचून दाखवायचे कलम

वाटूर आणि आसपासच्या माझ्या बिडी ओढणाऱ्या बांधवांनो, सरकारने १९७५ साली कायदा करून सिगारेटच्या पाकिटावर धोक्याची सूचना छापायला लावली. आपल्या बिडीच्या बंडलाला तो कायदा लागू नव्हता. पाकीटवाल्याला सावध करायचे आणि बंडलवाल्याला नाही, हे कोणी ठरवले? हा प्रश्न मी गावोगावच्या सभांत विचारला. आता विचारायला आवाजही उरला नाही.

मी, भुजंग कचरू हिवाळे, वय एकोणसत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार वाटूर, तालुका परतूर, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मनाने लिहीत आहे. मार्चमध्ये घशाच्या कॅन्सरमुळे माझी स्वरपेटी काढली. गाठ पुन्हा आली आहे. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. दोन खोल्यांचे राहते घर, अंगण आणि बँकेतली सर्व शिल्लक माझी पत्नी गोजरबाई हिची. ती जिवंत असेपर्यंत तिला तेथून कोणी उठवायचे नाही.

२. दोन्ही कपाटांतली पुस्तके मुलगी बेबीनंदा हिला. ती शहागडच्या शाळेत शिकवते. पुस्तकांना बिडीचा वास आहे, त्याबद्दल बापाला माफ करावे.

३. माझा कर्णा, ज्यावरून मी तीस वर्षे बोललो, तो गावच्या बुद्धविहाराला द्यावा. येथे एक कबुली लिहून ठेवतो. भाषणाला उभे राहण्याआधी मी मंडपामागे जाऊन एक बिडी ओढत असे. तिने घसा मोकळा होतो अशी माझी पक्की समजूत होती. २००३ साली नवा कायदा झाला, त्यात बिडी आणि तंबाखूवरही इशारा आला, म्हणून मी शहागडला दीड तास भाषण केले. तेही बिडी ओढूनच. टाळ्या पडल्या. समोर बसलेल्यांपैकी कोणाला धुराचा वास आला असेल तर त्यानेही टाळ्याच वाजवल्या.

४. वाटूर फाट्यावरची माझ्या नावची जागा. तिच्यावर मुलगा देवानंद याची पानटपरी आहे. टपरीतून बिडी, सिगारेट, गुटखा, तंबाखू कायमचे काढले तरच ती जागा देवानंदची. माझ्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत काढले नाही तर ती बेबीनंदाची. हे कडक आहे, मला माहीत आहे. कारण पुढच्या कलमात आहे.

५. यंदा जूनपासून तंबाखूच्या पुड्यांवर विंचवाचे चित्र येऊ लागले. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही धोका कळावा म्हणून ते चित्र. आमच्या घरी काय झाले ते लिहितो. गोजरबाई देवानंदला म्हणाली, "अरे देवा, मला ती विंचू छाप आण. जुनी आणू नको. ही लई कडक हाय, दाताला बराबर लागती."

मी पाटी घेतली. बोलता येत नाही म्हणून आता पाटीवरच लिहितो. लिहिले: "विंचू म्हणजे आत विष आहे. तुझ्या गालातला पांढरा चट्टा डॉक्टरला दाखव." पाटी तिच्यापुढे धरली. तिने देवानंदला विचारले, "काय म्हणून राह्यलेत रे?"

देवानंदने पाटी वाचली. माझ्याकडे पाहिले. म्हणाला, "काही न्हाई, आई. चहा मागून राह्यलेत."

मी पाटी जमिनीवर आपटली. ती म्हणाली, "आणते की! एवढा राग कशापायी? घसा गेला तरी मास्तरकी न्हाई गेली." आणि चहा घेऊन आली. तो मी प्यायलो.

गावातली चारशे माणसे मी सही करायला शिकवली. साक्षरतेचा वर्ग आमच्याच अंगणात भरत असे. त्या वर्गाचा चहा गोजरबाई करायची. तिला मी एकदाही पाटीपुढे बसवले नाही. बेबीनंदाला फोनवर सांगता येत नाही. तिला पत्राने कळवायची, शेजाऱ्यांना लिहून दाखवायची मला लाज वाटली. त्या लाजेत सात आठवडे गेले, आणि तो चट्टा आता जुन्या चवलीच्या नाण्याएवढा झाला आहे. तिला तिखट सोसत नाही. दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर गालाचा कॅन्सर होता, मी तो पाहिला आहे. देवानंदने एकदा खोटे वाचले. मी तीस वर्षे खोटे बोललो नाही, फक्त तिच्याशी बोललोच नाही.

६. पाटी गोजरबाईची. बेबीनंदाने आईला त्या पाटीवर शिकवावे. पहिला शब्द 'विष'.

७. मी गेल्यावर बसायला येणाऱ्यांपुढे बिडीबंडल आणि काडेपेटी ठेवायची आपली रीत माझ्या अंगणात पाळू नये. कोणी रागावून उठून गेला तर जाऊ द्यावे.

८. हे मृत्युपत्र माझ्या मरणानंतर उघडायचे म्हणून पेटीत ठेवायचे नाही. बद्रीनाथ, तुम्ही साक्षीला आला आहात, गोजरबाई आत भाकरी थापत आहे. तिला बाहेर बोलवा, बसवा, आणि सही करण्याआधी पाचवे कलम तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवा.

लिहून देणार: भुजंग कचरू हिवाळे (सही)

साक्षीदार:
१. बद्रीनाथ आसाराम खरात (सही). कलम पाच दोनदा वाचले. दुसऱ्यांदा बाईंनी वाचायला लावले.
२. रामराव विठोबा तनपुरे (सही). माझ्यासमोर वाचले.

ठिकाण: वाटूर
दिनांक: २ ऑगस्ट २००९