कोअर क्रमांक सतरा

जव्हार, मंगळवार, ११ एप्रिल १९७८

आज दुपारी जव्हारला सुखरूप पोहोचलो. ट्रकने आणलेल्या नऊ पेट्यांपैकी एकीलाही धक्का लागला नाही, ही विशेष समाधानाची गोष्ट. समुद्रतळाच्या भूविज्ञानात बावीस वर्षे घालवलेल्या माणसाने समुद्रापासून दूर, दीड हजार फूट उंचीवरच्या गावात जाऊन राहावे, ही डॉक्टरांची सूचना मला प्रथम हास्यास्पद वाटली होती. येथील हवा, स्वच्छ आकाश आणि घरासमोरचे आंब्याचे झाड पाहता ते हसू मी मागे घेतो. संस्थेने चार महिन्यांची रजा दिली आहे, शिवाय नमुने घरी तपासण्याची परवानगीही.

घरमालक मंसूरमियां सुतारकाम करतात. पेट्यांत काय आहे, असे त्यांनी विचारले. साडेतीन हजार मीटर खोलीवरून आणलेली समुद्रतळाची माती, असे सांगताच ते मनसोक्त हसले आणि म्हणाले, "का साहेब, आमच्या जव्हारात माती कमी पडली काय?" मीही हसलो. पत्नी विद्युल्लता गेल्यानंतर प्रथमच.

शुक्रवार, १४ एप्रिल

कामास शिस्तशीर आरंभ. मंसूरमियांनी सागाची भक्कम घडवंची करून दिली. मजुरी घेण्यापूर्वी हे सारे कशासाठी ते समजून घेण्याचा त्यांनी हट्ट धरला. त्यांना सांगितले की, जहाजावरून जाड तारेच्या टोकाला पोलादी नळी बांधून तळावर सोडतात. ती गाळात रुतते आणि गाळाचा उभा गाभा पोटात घेऊन वर येते. त्यालाच आम्ही कोअर म्हणतो. हजार वर्षांत जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर गाळ साचतो, म्हणजे साडेचार मीटरांत दीड लाखाहून अधिक वर्षे. जितके खाली, तितके जुने. कोअर सतत ओला ठेवावा लागतो. सुकला की तडकतो आणि थर वाचता येत नाहीत.

कोअर क्रमांक सतराचे तिन्ही तुकडे ओल्या गोणपाटात गुंडाळून घडवंचीवर ठेवले. हा ९ मार्च रोजी काढलेला. विद्युल्लता त्याच दिवशी गेली. मी जहाजावर होतो.

बुधवार, १९ एप्रिल

पाण्याविषयी लिहिणे आवश्यक झाले आहे. आळीत विहीर एक आणि घरे अकरा. साखरशेत गावची रखमी मला रोज चार हंडे पाणी आणून देते, त्यांपैकी दोन कोअरला लागतात. आज मंसूरमियांच्या मातोश्री अमीरबी उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. गोणपाटावर पाणी शिंपडताना त्यांनी मला पाहिले.

"पोरं सुकल्या तोंडानं फिरतात आणि हा चिखलाला पाणी पाजतो! कुठला रिवाज हा?"

हा शास्त्राचा विषय आहे, असे मी नम्रपणे सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या की, शास्त्राने आपले पाणी आपल्याबरोबर आणायचे होते. "समिंदर तिकडं ठेवून आलास, मग तहान कशाला घेऊन आलास?" दाराआडून रखमी पदर तोंडाला लावून हसली. मला ते आवडले नाही.

मात्र एक गोष्ट नोंदवतो. सकाळी चिंब भिजवलेले गोणपाट अकराच्या सुमारास कोरडे ठणठणीत असते. इतके बाष्पीभवन या हवेत शक्य नाही. मी दोनदा गणित करून पाहिले. उद्यापासून तीन हंडे.

सोमवार, २४ एप्रिल

कोअर सतरा, खोली २१२ सेंटीमीटर. अंदाजे वय ऐंशी हजार वर्षे. राखाडी, बारीक कणांचा गाळ. त्यात उजव्या तळहाताचा ठसा. लहान, स्त्रीचा. करंगळी आत वळलेली.

विद्युल्लतेची करंगळी लहानपणी दारात सापडून तशीच वळली होती.

नोंदवहीत मी "विस्कळीत थर" एवढेच लिहिले. बावीस वर्षांतील ही माझी पहिली खोटी नोंद.

रखमी आज हंडा उंबऱ्यावरच ठेवून मागे सरली. आत येईना. कारण विचारता म्हणाली, "दादा, ही माती नाय. कुणी तहानेलं निजलंय इथं." तिला रागावलो. नंतर दार लावून ठशावर ओंजळभर पाणी ओतले. ते तत्काळ नाहीसे झाले.

शनिवार, २९ एप्रिल

आता सहा हंडे लागतात. कोअरची लांबी आज ४.७१ मीटर भरली. कोअर आला तेव्हा ४.५० होती. पुन्हा मोजली. ४.७३.

दोन दिवसांपासून कानांना दडे बसले आहेत. मेजावरचा पितळी पेला चहूबाजूंनी आत चेपलेला आढळला, जणू कुणी मुठीत आवळला. असा चेपलेला पेला मी यापूर्वी एकदाच पाहिला आहे, तारेला बांधून तळापर्यंत सोडलेला. तो खोलीच्या दाबाचा परिणाम असतो. पुढचे दार आत उघडते. ते ओढायला आज दोन्ही हात लागले.

दुपारी अमीरबींनी भरलेली कळशी माझ्या पायरीवर उपडी केली आणि ओरडल्या की, चाख. चाखले. खारट. माझ्या उपकरणाने मोजले तर हजारात पस्तीस भाग क्षार. हे समुद्राचे प्रमाण आहे.

विहीर खारी झाली आहे.

मंगळवार, २ मे

आळीतली चार मुले उलट्यांनी आडवी आहेत. रखमी येत नाही. वाण्याने माल दिला नाही. रस्त्याने जाताना बायका भांडी आपटतात. एकीने मागून विचारले की, बायकोला खाऊन आता आमच्या पोरांवर बसलास काय.

मंसूरमियां आले. "साहेब" म्हणाले नाहीत. उद्या दुपारपर्यंत चिखल गावाबाहेर गेला नाही तर आम्ही काढू, म्हणाले. त्यांचा धाकटा त्या चार मुलांत आहे.

मी ट्रकला निरोप धाडला आणि तुकडे उचलू गेलो. एकही हलला नाही. घडवंचीचे पाय फरशीत चार बोटे रुतले आहेत.

आता खरे लिहितो. ९ मार्च रोजी सकाळी दहाला बिनतारी संदेश आला होता. रुग्णालयाला शस्त्रक्रियेसाठी पतीची संमती हवी होती. आमचा नियम असा की, नळीची तार पाण्यात असेपर्यंत प्रमुखाने डेक सोडायचा नाही. तार नुकतीच खाली चालली होती. मी ऑपरेटरला थांब म्हणालो. नळी हातात आली तेव्हा तीन वाजले होते. मग संमती कळवली.

शस्त्रक्रियेपूर्वी पाणी देता येत नाही. पाच तास ती पाणी मागत होती. मेहुण्याने पत्रात लिहिले आहे. शेवटी ओले फडके चोखत होती म्हणे.

नियम पाळला. नियमाबाहेर मी काहीही

बुधवार, ३ मे. सकाळ

शाई कागदावर धरत नाही. पेन्सिलीने लिहितो.

विहीर रिकामी झाली. बाहेर ओरड ऐकू आली. रात्रीतून तळ उघडा पडला. पाणी कुठे गेले ते मला दिसते आहे. गाळ घडवंचीवरून ओसंडून भिंतीपर्यंत —

२१२ वरचा ठसा आता तळहाताचा नाही. उघड्या तोंडाचा आहे.

मी क्षमा मागितली. मोठ्याने. शुद्ध शब्दांत. गाळ आणखी —

अकरा वाजता

खिडकीची काच आतून बाहेर फुगली आहे. तिच्यापलीकडे आळी हिरवी, अंधूक दिसते. नाकातून रक्त. दार ओढले, हलत नाही. संपूर्ण खोलीचा भार त्यावर आतून —

मी गणित केले. साडेतीन हजार मीटरांचा दाब. एवढ्याशा खोलीत. भिंती कशा टिकल्या ते कळत नाही. ती टिकवून धरते आहे. कशाची वाट पाहते —

दार उघडण्याची.

पाऊण

ते आले. बरेच आहेत. मंसूरमियां पहार घालताहेत. फळीच्या फटीतून पहारीचे टोक —

ओरडलो. आवाज माझ्याच कानांपर्यंत पोहोचत नाही. हा कागद फटीतून सरकवतो. मंसूरमियां, वाचा. दार फोडू नका. मला आत राहू द्या. तुमच्यावर उपकार म्हणून नव्हे, हे माझे आहे. तिची तहान माझी आहे, तुमच्या मुलांची नाही. मुलांना उचला, चढावरच्या घरांकडे न्या, आधी त्यांना —

फळी चिरते आहे

पहार थांबवा. अमीरबी दाराला कान लावून उभ्या आहेत, मला त्यांची सावली दिसते, त्यांना बाजूला घ्या, त्यांना लवकर बाजू