रुकय्याची पुस्तके खैरुन्निसास

बिस्मिल्लाह. मी बदरुद्दीन हुसेन तुंगेकर, वय अडुसष्ट, धंदा भातशेती, राहणार मौजे बेलापूर, तालुका ठाणे. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डोक्यात नाही. कोणाच्या दडपणाखाली येणारा माणूस मी नव्हे, हे पनवेलपासून उरणपर्यंत ज्यांनी माझी भाषणे ऐकली ते सांगतील. हे माझे मृत्युपत्र मी बोलतो आहे आणि निवृत्त तलाठी नामदेव ठाकूर लिहून घेत आहेत.

१. शेत, बैल, अवजारे आणि घराचा मोठा भाग माझे मुलगे इस्माईल व कासम यांना शरियतेप्रमाणे मिळेल. पत्नी माझ्याआधी गेली. येथे मला काही बोलायचे नाही.

२. शरियतेने मला एक तृतीयांश मिळकत माझ्या मर्जीने देण्याची मोकळीक आहे, तीही वारस नसलेल्यालाच. माझी नात खैरुन्निसा, वय नऊ, माझी वारस ठरत नाही, कारण मुलगे असताना मुलीच्या मुलीला वाटा नाही, आणि तिची आई, माझी मुलगी रुकय्या, हयात नाही. म्हणून पूर्वेकडची खोली, तिचे स्वतंत्र दार, बाळाराम सुताराने केलेली तीन कपाटे आणि त्यांतली सर्व पुस्तके मी खैरुन्निसाला देतो. हे सर्व एक तृतीयांशाच्या आत बसते. ठाकूरांनी दोनदा हिशेब केला आहे. इस्माईल या पुस्तकांना वाळवीचा चारा म्हणतो. इस्माईल, खोलीत भाताची पोती ठेवायची नाहीत. एकही नाही.

३. ही पुस्तके माझी नव्हेत, रुकय्याची आहेत. ती सहा वर्षांची असल्यापासून दर जुम्म्याला नमाजानंतर मी तिच्यासाठी एक पुस्तक आणीत असे. पुढच्या जुम्म्याला तिने त्यातली गोष्ट मला जेवताना सांगायची, मगच नवे मिळायचे. अंगणात बोंबील वाळत असताना कावळे हाकायचे काम तिचे. ती वाचायची आणि कावळे जेवायचे. गोष्ट ऐकत उभी असलेली बाळारामची बायको शेवंताबाई कुंपणावरून ओरडायची, "रुके, त्या बाईचा नवरा आला का नाय, तवरं सांग, मंग मी घरा जाते." मराठी पुस्तके मुसलमानाच्या पोरीला कशाला, असे मला मशिदीच्या पायऱ्यांवर विचारले गेले. मी तिथेच उभा राहून अर्धा तास उत्तर दिले. उत्तर देणे मला नेहमीच सोपे गेले.

४. आता जे लिहावयाचे ते कोणत्याही सभेत बोललो नाही. सन १९५४ मध्ये रुकय्याचा निकाह उरणच्या घरी ठरला. निकाहाच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "बाबा, निकाहनाम्यात मेहेरच्या खाली एक ओळ घाला. पुस्तके माझ्याबरोबर येतील आणि मला वाचू देतील, एवढीच." अशी अट घालता येते, आपल्यात तशी मुभा आहे. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी काझींनी विचारले, "आणखी काही शर्त?" समोर वराकडची माणसे बसली होती. पुस्तकांची अट ऐकून ती हसतील असे मला वाटले. मी म्हणालो, "काही नाही."

तीन आठवड्यांनी पुस्तकांची पेटी होडीने परत आली. सासूबाईंचा निरोप होता, "आम्ही सून आणली आहे, मास्तरीण नाही." मी गेलो नाही. मुलीच्या संसारात पडू नये, असे स्वतःला सांगितले.

५. सन १९६० मध्ये विषमज्वराने रुकय्या गेली. जावयाने दुसरे लग्न केले आणि खैरुन्निसाला माझ्याकडे आणून सोडले. बरोबर रुकय्याचे गाठोडे होते. त्यात एक वही निघाली. हळदीच्या, साखरेच्या, चहाच्या पुड्यांचे छापील कागद तिने हाताने सपाट करून सुईदोऱ्याने शिवले होते. कुठे अर्धी बातमी, कुठे गोष्टीचे मधलेच पान. सहा वर्षे माझी मुलगी हे वाचत होती. ही वहीही खैरुन्निसाची.

६. माझ्या भाषणांच्या पाच वह्या चुलीत घालाव्यात. मुलींच्या शिक्षणावरच्या भाषणाला सर्वांत जास्त टाळ्या पडत. ते आधी घालावे.

७. खैरुन्निसाच्या निकाहाचा वली, म्हणजे तिच्या वतीने संमती देणारा, तिचा बाप आहे. तिथे माझा हुकूम चालत नाही. म्हणून मी तिलाच सांगून ठेवले आहे: काझींनी शर्त विचारली आणि मोठी माणसे गप्प बसली, तर तू पडद्यामागून बोल. लाजू नकोस. लाजण्याचे काम तुझ्या नानाने करून ठेवले आहे.

८. मला दिसत नसल्याने वरची सात कलमे सहीपूर्वी साक्षीदारांसमोर खैरुन्निसाने वाचून दाखविली. तिलाही सही करायची होती. ठाकूर म्हणाले, "बाय, ज्याला मिळतं त्याची साक्ष चालत नाही." ती रुसली, पण वाचत राहिली. चौथ्या आणि पाचव्या कलमाला तिचा आवाज इतका बारीक झाला की बाळारामने कानामागे हात धरला. पाचवे संपल्यावर तिने विचारले, "नाना, आई मनात वाचायची की मोठ्याने?"

मी म्हणालो, "इथे मोठ्याने. तिथे मनात."

तिने पाने मागे उलटली. मग चौथ्या कलमापासून तिने पुन्हा सुरुवात केली, रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. शेवटपर्यंत. कोणी तिला थांबविले नाही.

सर्व ऐकले, बरोबर आहे.

बदरुद्दीन हुसेन तुंगेकर (सही, अंदाजाने)

साक्षीदार:
बाळाराम पाटील, सुतारकाम (अंगठा)
उस्मान मुकादम, शेजारी (सही)

लेखक: नामदेव ठाकूर

मुक्काम बेलापूर, ता. १३ नोव्हेंबर १९६४, शुक्रवार